बागेतल्या निंबांची सुनावणी

आमच्या गावच्या बागेत निंबाची नऊ झाडं आजही उभी आहेत. ती कशी राहिली ते लिहून काढा, असं ओळखीच्या काहींनी सांगितलं, कारण त्यांच्याही गावात बागेच्या सुशोभीकरणाची कामं निघाली आहेत. गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही. नगरपालिकेचे तेव्हाचे मुख्याधिकारी बदलून गेले, पण इंजिनीयर साहेब तिथेच आहेत आणि माझं त्यांच्याकडे अजून काम पडतं.

मी वीज खात्यातला निवृत्त लाईनमन. झाडांवर माझं पहिल्यापासून प्रेम होतं असं काही नाही. सगळी नोकरी मी फांद्या तोडण्यातच घालवली. दरवर्षी मे महिना आला की पावसाळ्याआधीची छाटणी: परमिट घ्यायचं, लाईन बंद करायची, कोयता कमरेला लावून शिडी चढायची. त्यामुळे ‘झाड तारेला लागतं’ या कारणाखाली काय काय खपवता येतं, ते मला चांगलं माहीत आहे.

सुरुवात झाली कुंपणापासून. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या एप्रिलात, सकाळी फिरायला गेलो तर बागेच्या पश्चिमेचं कोयनेलचं कुंपण जेसीबीने मुळासकट काढायला घेतलेलं. कोयनेल म्हणजे ती कडू मेंदी. शेळी तिला तोंड लावत नाही, पाणी नाही मिळालं तरी ती मरत नाही आणि वरून कापत राहिलं की भिंतीसारखी दाट होते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पश्चिमेकडून जो फुफाटा येतो, तो आणि रस्त्याची धूळ ते कुंपण अडवून धरायचं. उपटलेल्या ढिगात होल्याचं एक घरटं आणि शिंप्याचं पानं शिवलेलं एक घरटं मला दिसलं. होल्याची अंडी फुटलेली होती.

तिथल्या माणसांना म्हटलं, “कोणले इचारीसन काढी राह्यनात रे भो?”

“आम्हले काय इचारतस नाना, सायबनी सांगं. तठे ऑफिसमा जाईसन इचारा.”

त्यांचं बरोबर होतं. ऑफिस उघडेपर्यंत कुंपण संपलं.

कुंपणाचं काहीच करता आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. झाडांसाठी आपल्याकडे 1975 चा कायदा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यात झाड कशाला म्हणायचं तेही लिहिलंय. जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर खोडाची जाडी निदान पाच सेंटिमीटर हवी आणि उंची निदान एक मीटर. पन्नास फूट लांबीचं, माणसाच्या छातीएवढं कुंपण असलं तरी त्यातलं एकेक रोप बोटभर जाडीचं. कायद्याच्या नजरेत ते झाडच नाही. घरट्यांचं मात्र तसं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हे शिकारीतच धरलंय. मी ढिगाचे फोटो काढून ठेवले. पुढे सुनावणीत ते दाखवले तेव्हा सगळे गप्प बसले, पण त्यापलीकडे काही झालं नाही.

नगरपालिकेत इंजिनीयर साहेब भेटले. माणूस वाईट नाही. पाणीपुरवठा, बांधकाम आणि वर वृक्ष अधिकाऱ्याचा चार्ज, तिन्ही त्यांच्याच गळ्यात. म्हणजे झाड काढायचा प्रस्ताव तयार करणारे तेच आणि तो तपासणारेही तेच. छोट्या नगरपालिकांत हे सर्रास असतं. त्यांनी अंदाजपत्रक दाखवलं. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, लोखंडी रेलिंग, सेल्फी पॉइंट, आणि खाली एक ओळ: कामास अडथळा ठरणारी व धोकादायक चौदा झाडे काढणे. निंबाची नऊ, सोनमोहराची दोन, गुलमोहराची दोन आणि एक रेनट्री.

“धोकादायक कशी?”

“तारांना लागतात ना, नाना. तुम्हाला तर माहीतच आहे.”

माहीत होतं म्हणूनच विचारलं. त्या बागेच्या पूर्वेकडून एलटी लाईन, म्हणजे घरगुती विजेची कमी दाबाची लाईन जाते. तिच्या जवळ फक्त एक गुलमोहर आणि दोन सोनमोहर येतात. निंब सगळे दक्षिणेला आणि पश्चिमेला, तिथे तारच नाही. शिवाय झाडा-झाडात फरक असतो. गुलमोहर आणि सोनमोहराचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात त्यांची फांदी कडाड मोडते आणि तारेवर येते. रेनट्रीची फांदी आडवी फार लांब जाते आणि स्वतःच्याच वजनाने फाटते. निंब वाऱ्यात झुलतो, सहसा मोडत नाही. उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या पिळाच्या तारा टाकल्या तर झाडातून लाईन गेली तरी भीती राहत नाही. हे सगळं मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, “केबलचा खर्च आमच्या बजेटच्या हेडमध्ये नाही बसत.”

आणखी एक गोष्ट मी मनात ठेवली, बोललो नाही. वखारीत निंबाला भाव आहे, चौकटी होतात. गुलमोहर वीटभट्टीत जातो. चौदात नऊ निंब का आले, याचा अंदाज कोणीही करावा.

माझा एक भाचा जळगावला वकिली करतो. त्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “मामा, झाडांवर नोटीस लागलीय का?” मी म्हटलं, बघितली नाही. “आधी ती शोधा. त्यावरची तारीख बघा. तिथून सात दिवस.”

कायदा असा आहे की झाड तोडायचं ठरलं की त्या झाडाच्या खोडावर, दिसेल अशा जागी नोटीस लावायची, स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची आणि सात दिवसांत लोकांच्या हरकती मागवायच्या. नगरपालिकेचं स्वतःचं झाड असलं तरी यातून सुटका नाही. आलेल्या हरकती ऐकून मग निर्णय. मी बागेत परत गेलो. चौदापैकी दोनच झाडांवर कागद होता, तोही डिंकाने चिकटवलेला, उन्हाने गोळा होऊन लोंबणारा. बाकीच्या बारा झाडांवर काही नाही. पेपरातली जाहिरात भाच्याने हुडकली. आमच्या गावात ज्याचे अंक मोजके येतात अशा पेपरात, निविदांच्या गर्दीत ती होती. मुदतीतले बरेच दिवस तोवर गेलेले.

या पायरीबद्दल मी थोडं जास्त लिहितो, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं राहिलं. मुदतीत हरकत गेली नाही तर ‘हरकत प्राप्त नाही’ अशी एक ओळ टिप्पणीत पडते आणि फाईल पुढे सरकते. नंतर तुम्ही उपोषणाला बसा, कलेक्टरकडे लोकशाही दिनाला जा, ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाका. उत्तर एकच येतं, हरकती मागवल्या होत्या, कोणी आलं नाही.

आमच्या फिरणाऱ्या ग्रुपने आधी एक मोठं निवेदन लिहिलं. त्यात पर्यावरण, ऑक्सिजन, पुढची पिढी सगळं होतं. खाली शंभरेक सह्या करायच्या ठरल्या. मी म्हटलं, बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, एका कागदाला एकच आवक नंबर पडतो, मग सह्या शंभर असोत की एक. त्यापेक्षा एकेकाने आपापला अर्ज द्यावा. आणि त्यात ऑक्सिजन नको. कोणतं झाड, कुठे उभं आहे, खोडाचा घेर किती, तार किती लांब, नोटीस लागलीय की नाही, एवढंच. माझी नात शिंप्याचा टेप घेऊन आली. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, झाडाला खडूने नंबर टाकायचा, फोटोत नंबर आणि टेप दोन्ही दिसले पाहिजेत. मोठ्या निंबाला टेप पुरला नाही, दोरी लावावी लागली.

हे चालू असताना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. ती 30 एप्रिलला होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. गल्ल्या सिमेंटच्या झाल्यापासून झोका बांधायला झाड राहिलंच कुठे, तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच गल्ल्यांचे झोके बागेतल्या निंबांनाच असतात. आमच्या घरातून ही गोष्ट बायकांच्या कानावर घातली गेली. पुढे मला काही करावं लागलं नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बायका रांगेने आवक-जावकच्या टेबलासमोर उभ्या. क्लार्क म्हणाला, सगळ्यांचे ठेवून जा, पोच उद्या देतो. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “उद्या तू इशीन का नही काय माहीत, शिक्का आतेच मार.” प्रत्येकीने दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नंबर घेतला.

सगळं गाव आमच्या बाजूने होतं असं नाही, तेही लिहायला हवं. रेनट्रीखाली दुकान असलेले एक जण म्हणाले, तुम्ही सकाळी तासभर येता, बगळ्यांची घाण दिवसभर आम्ही धुतो. पावसाळ्यात तिथे गायबगळ्यांची वसाहत असते, वास येतो, खोटं नाही. एक ताई म्हणाल्या, कुंपण गेलं ते बरंच झालं, संध्याकाळी त्याच्या आडोशाला पिणारे बसायचे, मुलीला क्लासहून आणताना भीती वाटायची. यावर मला उत्तर नव्हतं. दिवे लावा, कुंपण कमरेपर्यंत कापा, हे म्हणता येतं, पण ती कापणी पालिकेनं कधी वेळेवर केली नव्हती. आणि एक गुलमोहर खरोखर पोखरलेला होता. बुंध्यावर ठोकलं तर पोकळ वाजायचा, वर अळंबी आलेली. माझ्या अर्जात मी स्वतः लिहिलं की हे झाड काढावं. भाच्याला ते पटलं नाही. मला वाटतं त्याचा उपयोगच झाला.

आता वयाचा मुद्दा. या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष धरायचं. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी नवीन झाडं लावायची. तीही वीतभर रोपं नाहीत. सहा ते आठ फुटांची, जिओ टॅग केलेली, आणि सात वर्षं जगवायची. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, वय सिद्ध कसं करायचं? कापल्याशिवाय आतली वर्तुळं मोजता येत नाहीत.

नगरपालिकेकडे दर पाच वर्षांनी वृक्षगणना असायला हवी. मी रजिस्टर मागितलं तर एक फाईल मिळाली, तिच्यात रस्त्याकडेची झाडं होती, बाग नव्हती. मग गावातल्या जुन्या माणसांना विचारत फिरलो. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात ती जागा उघडी बोडकी होती, तिथे जनावरांचा बाजार भरायचा. पाऊस नीट झाल्यावर बाग केली, शाळेच्या पोरांकडून निंब लावून घेतले, त्या पोरांत मी शिक्षक म्हणून होतो. उद्घाटनाचा दगड बसवला होता. तो दगड कुठे आहे? जुनं गेट पाडलं तेव्हा काढला.

तो पंपाच्या खोलीमागे सापडला, पालथा पडलेला, वर माळ्याची धुण्याची जागा झालेली. उलटा केला तर अक्षरं शाबूत होती. पाहुण्यांची नावं, तेव्हाच्या नगराध्यक्षांचं नाव, आणि साल 1974. माळ्याने कपडे धुवायला तेवढा दुसरा दगड मागून घेतला, तो मी दिला.

सुनावणी आखाजीच्या आधी झाली. निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे नगराध्यक्ष नाहीत, नगरसेवक नाहीत. प्रशासक म्हणून मुख्याधिकारी एकटेच. तरुण होते, घाईत होते. सगळ्यांना एकदम बोलावलं. पहिली काही मिनिटं नुसता कालवा. एका कार्यकर्त्याने झाडं म्हणजे आई असं काहीतरी सुरू केलं, मुख्याधिकारी मोबाईल बघायला लागले. मग गुरुजींना पुढे केलं, दगडाचा फोटो दिला. मी म्हटलं, साहेब, निंबांचं वय एक्कावन्न धरा. नऊ निंब. एक्कावन्न नवे किती?

त्यांनी मोबाईलवरच गुणाकार केला. चारशे एकोणसाठ.

“चारशे एकोणसाठ झाडं, सहा-आठ फुटी, सात वर्षं. पाणी, जाळी, माणूस. अंदाजपत्रकात हा खर्च आहे का?”

ते इंजिनीयर साहेबांकडे वळले. इंजिनीयर साहेब म्हणाले, त्यात फक्त काढण्याचा दर धरलाय. मग जागा कुठे आहे, हा प्रश्न निघाला. गावात एवढी झाडं लावायला नगरपालिकेची मोकळी जागाच नव्हती. आई, ऑक्सिजन आणि पुढची पिढी यांनी जे झालं नसतं ते गुणाकाराने झालं. मुख्याधिकाऱ्यांचा आवाज बदलला. स्थळपाहणी करू म्हणाले आणि दोन दिवसांनी खरंच आले, भर दुपारी साडेबाराला. निंबांखाली उभे राहिले, मग जिथे कुंपण काढलं होतं त्या मोकळ्या बाजूला गेले आणि लगेच परत सावलीत आले. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही.

आता वाटलं निभावलं. तर 1 मे ला, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, झेंडावंदन आटोपून लोक घरी गेल्यावर कटर मशीनचा आवाज आला. मी पोचेपर्यंत दोन्ही सोनमोहर आणि तारेजवळचा चांगला गुलमोहर जमिनीवर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, छाटणीची ऑर्डर आहे. कागद दाखवला, त्यावर खरंच ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ होती. बुंध्यापासून छाटणी! परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाड तोडता येत नाही असं कायदा म्हणतो. इथे परवानगीच झाली नव्हती. अंगावर येणाऱ्या झाडाला तातडीने हात लावता येतो, पण त्या दिवशी वारा नाही, पाऊस नाही, लाईनही चालूच. लाईन चालू ठेवून तारेजवळ कटर चालवत होते, हे बघून माझा जीव वर गेला. आधी सबस्टेशनला फोन करून सप्लाय बंद करायला लावला, मग भांडलो.

पंचनामा करून घ्यायला संध्याकाळ झाली. ओंडक्यांचे घेर मी लिहायला लावले, कारण लाकूड नगरपालिकेचं असतं, त्याचा लिलाव व्हायला पाहिजे, आणि मोजलं नाही तर ट्रॉलीत काय गेलं ते कुणाला कळत नाही.

पुढे माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. छाटणीचा आदेश, टिप्पणी आणि लाकडाच्या नोंदी मागितल्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. वीस रुपयांचं पहिलं अपील केलं, तेव्हा झेरॉक्स मिळाल्या, दोन रुपये पानाने. छाटणीच्या आदेशावर तारीख 30 एप्रिल, आवक-जावक नंबर नाही. लाकडाची नोंद ‘सरपण’ एवढीच, वजन नाही. यावर दुसरं अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे टाकलंय. तारीख यायची आहे.

निंबांचा आणि रेनट्रीचा निकाल त्याआधीच, मेच्या मध्याला आला. नऊ निंब कायम. रेनट्रीच्या दुकानाकडच्या दोन फांद्या काढायच्या, पण बगळ्यांची घरटी व्हायच्या आधी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी. पोखरलेला गुलमोहर काढायला परवानगी. रेनट्रीच्या फांद्या काढताना मी उभा राहिलो. आधी खालून एक काप, मग वरून, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून खाली आणते. ती पोरं चांगली होती, सांगितलं तसं केलं. शेजारचे दुकानदार चहा घेऊन आले.

कुंपणाच्या जागी हिरव्या रंगाचं लोखंडी रेलिंग आलं. मेच्या दुपारी हात लावून बघा म्हणावं.

आणि पेव्हर. ते अडवता आले नाहीत, अडवायचेही नव्हते, पावसाळ्यात चिखल व्हायचाच. पण मिस्त्रीने ब्लॉक थेट खोडाला भिडवले, फटीत सिमेंट ओतलं. निंबाला वरून वाचवलं आणि खालून गळा आवळला असं होऊ नये म्हणून पुन्हा अर्ज केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटर जागा सिमेंटची ठेवायची नाही. तो दिल्लीचा, इथे कसा लागू, असं इंजिनीयर साहेब म्हणाले. मी म्हटलं, लागू नसेल, पण निंब तोच आहे. ते हसले. तोंडी हो म्हणाले, लेखी देत नाहीत.

सहा निंबांची आळी मोकळी झाली आहेत. तीन राहिलेत, ओपन जिमच्या बाजूचे. तिथे ब्लॉक काढले तर सायकलच्या मशीनचा पाया हलतो असं ठेकेदाराचं म्हणणं आहे. परवा पाया मोजून आलो. मशीन खोडापासून सव्वा मीटरवर आहे. तो आकडा आणि फोटो लावून अर्ज टाईप केलाय, सोमवारी बारनिशीत देतो.